तळाचं पाणी

“...पण का नाही येणार, एवढं तरी सांगा की.”

राहीआई हंड्याच्या तोंडावर फडकं बांधत होती. तिनं गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

समोर विश्राम बसला होता. तिचा शिष्य. तळवडीच्या या मठीतच लहानाचा मोठा झालेला, आणि आता नदीच्या वरच्या अंगाला, कोरंबी गावचा कारभारी. अंगात कडक इस्त्रीचा सदरा. नारळ आणि शाल घेऊन तो गुरूला आवतण द्यायला आला होता, बऱ्याच वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी कोरंबीत आसपासच्या गावांची सभा होती. हवा आणि पाणी स्वच्छ कसं राखावं, हे कोरंबीनं बाकीच्यांना शिकवायचं होतं. शिकवणार विश्राम. आणि मंडपात मधल्या खुर्चीवर त्याला राहीआई हवी होती.

“चांगलं असेल ते एकट्यानं खाऊ नये, वाटावं. तुम्हीच शिकवलंत ना?” तो म्हणाला. “मग? तेच तर करतोय.”

“वाटतोयस खरा,” राहीआई म्हणाली.

एवढंच. आता ही बाई असलीच. एक वाक्य टाकायची आणि समोरच्याला त्यात घुटमळत ठेवायची. चिडायला होतं माणसाला.

विश्रामही जरा चिडलाच. पण हंड्याकडं बघून त्याला हसू आलं. “अजून तोच हंडा?”

“तोच.”

या मठीचा एक नियम होता. पाणी जो भरेल, त्यानं सगळ्यांच्या शेवटी प्यायचं. हंड्याच्या तळाचं. गाळ बसतो तो तळालाच, तेव्हा गाळताना आळस केला की माती आपल्याच तोंडात. विश्राम इथं शिकत होता तेव्हा पाणी तोच भरायचा. त्याच्यासारखं पाणी पुन्हा कुणी गाळलं नाही, हे राहीआईसुद्धा कबूल करायची.

“आता कोण भरतं?”

“मीच. पहिली पिणारी मी, शेवटची पिणारीही मीच.” तिनं ओला हात पदराला पुसला. “काय काय केलंस गावात? ऐकव तरी.”

विश्रामची कळी खुलली.

कोरंबी म्हणजे गुळाचं गाव. “आठवतंय ना, आई? गुऱ्हाळांच्या चुलवाणात जुनी टायरं जळायची, गावभर काळा धूर. माणसं खोकून बेजार. आणि रस उकळायच्या काहिली धुतलेलं ते आंबलेलं पाणी थेट आमच्या पाणवठ्यात. आता येऊन बघा! दारात पांढरं धोतर वाळत घाला, काळा ठिपका पडला तर नाव बदलीन. गुऱ्हाळांची धुराडी अशी उंच केली, की धूर टेकडीच्या वरून निघून जातो.”

“टायरं जाळायचं बंद केलंत?”

“...तशी गरज उरली नाही. धूर गावात येतच नाही ना.”

“आणि पाणी?”

“मोठा नळ टाकला. सगळं घाण पाणी नदीच्या वळणापलीकडं, शिवेबाहेर जातं. आम्ही भरतो वळणाच्या वर. आरशासारखं पाणी, आई! तोंड बघून घ्यावं.”

बोलून बोलून घसा सुकला. त्यानं पिशवीतून बाटली काढून दोन घोट घेतले. घरून आणलेलं पाणी. भरलेला हंडा पुढ्यात होता, तिकडं त्याचा हात गेला नाही.

राहीआईनं ते पाहिलं.

“मला दे जरा.”

तिनं बाटलीतलं घोटभर पाणी घेतलं आणि तोंडात तसंच धरून ठेवलं. डोळे मिटले. मग हळूच गिळलं.

“गोड आहे रे... अशीच चव होती आपल्या नदीची. विसरले होते मी.”

“घ्या ना, सगळं प्या.”

तिनं झाकण लावलं आणि बाटली त्याच्या हातात दिली.

“नको. सवय लागेल.”

विश्राम हसला. मग त्याचं हसू गेलं.

आल्यापासून पहिल्यांदा त्यानं आजूबाजूला नीट पाहिलं. समोरच्या दाराला कुलूप. त्याच्या शेजारच्याही. पलीकडच्या अंगणात कमरेएवढं गवत. कोंबडं नाही, कुत्रं नाही, कुणाच्या घरात भांडं वाजत नाही. मठीच्या खुंटीवर मात्र किल्ल्यांचा झुबकाच लटकत होता.

“माणसं कुठं गेली, आई?”

“कुणी लेकीकडं, कुणी शहरात. विहीर नासली आधी. मग गुरं नदीवर जाईनात, नेली तर नुसती हुंगून माघारी फिरायची. एकेक घर हाललं. जाताना जो तो किल्ली माझ्यापाशी ठेवून गेला. शेवटी धोंडाक्का गेली, मागल्या उन्हाळ्यात. मला म्हणाली, चल माझ्यासंगं, इथं कुणासाठी बसतेस? मी म्हटलं... विश्राम आला, तर मठीला कुलूप दिसायचं.”

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली.

“विहीर कशानं...” विश्रामनं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याची नजर नदीकडं गेली.

राहीआई उठली. खोकली. बराच वेळ खोकत राहिली. मग अंगणातल्या तुळशीचं एक पान दोन बोटांत धरून चोळलं आणि बोटं त्याच्यापुढं केली. काजळी. तेलकट, काळी.

“टेकडीवरून जातो म्हणालास ना धूर? जातो. इकडं उतरतो.”

...

“आमच्या लहानपणी मरीआईचा गाडा यायचा,” ती पुन्हा बसत म्हणाली. “ऐकलंयस?”

“ऐकलंय. रोगराई आली की लोक गाडा ओढत न्यायचे आणि पुढच्या गावाच्या शिवेवर सोडून यायचे.”

“आणि परतताना?”

“...आपलं गाव सुटलं म्हणून ढोल वाजवायचे.”

“उद्या ढोल आहेत का रे तुझ्याकडं?”

विश्रामनं मान खाली घातली. ढोल होते. ताशेही होते. त्यानं स्वतः सांगून आणवले होते.

“मला ठाऊक नव्हतं, आई.”

“काय ठाऊक नव्हतं? खाली कोण राहतं, ते?”

तो जमीन उकरत बसला. नंतर बोलला ते अडखळत बोलला.

“ठाऊक होतं. तुम्ही इथं आहात, हे रोज ठाऊक होतं. पण वळण ओलांडून कधी पाहिलं नाही... कर्दळीचे वाफे करून पाणी त्यातून निथळवता आलं असतं. मला येतं ते. पण वेळ गेला असता, गुऱ्हाळवाले कुरकुरले असते. नळ लांबवणं सोपं होतं.” त्यानं डोळे पुसले. “तुम्ही एक निरोप का नाही धाडलात?”

“तुमचं पाणी रोज यायचं माझ्या दारापर्यंत. म्हटलं, त्याच्यामागनं एखाद दिवशी तूही येशील. वाट पाहिली.”

मग मात्र विश्रामला राहवलं नाही. त्यानं हंडा पुढं ओढला आणि फडकं सोडलं. आंबट, कुजका भपकारा आला. वास त्याच्या ओळखीचा होता. त्याच्याच गावच्या काहिलींचा. त्यानं हात बुडवून ओंजळ भरली आणि ओठांशी नेली.

राहीआईनं मनगट पकडलं. म्हातारी खरी, पण पकड कसली! ओंजळ सांडली, सदरा भिजला.

“सोडा, आई! पिऊ द्या मला. मीच केलंय हे.”

“पी की. चार दिवस पोट धरून पडशील. लोक हळहळतील. तुलाही जरा हलकं वाटेल. पाणी आहे तसंच राहील.”

“मग करू तरी काय?” तो जवळजवळ ओरडलाच.

राहीआईनं फडकं उचललं आणि पिळायला लागली.

“मठीचा नियम सांग.”

“भरेल त्यानं शेवटी प्यायचं.”

“कोरंबीचा पाणवठा कुठं आहे?”

“वळणाच्या वर.”

“आणि तुझ्या नळाचं तोंड?”

“वळणाच्या खाली...”

फडक्यातलं पाणी टपटप गळत होतं. विश्राम त्याकडं बघत राहिला. बघता बघता त्याचा चेहरा उतरला.

“पाणवठा... नळाच्या खाली आणायचा? म्हणजे आमच्या गावानं सोडलेलं पाणी आधी आमच्याच गावानं प्यायचं?”

“धुराडीही उतरव.”

“आई! उद्या सगळी गावं येणार, त्यांच्यासमोर हे सांगू?”

“चांगलं वाटायचं म्हणत होतास. हे वाट.”

विश्राम उठला. दारापर्यंत गेला. उंबऱ्यात थबकला आणि तिथूनच बोलला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

“गुऱ्हाळवाले मला उभा चिरतील. ज्यांनी उद्यासाठी हार आणलेत, तेच दगड घेतील हातात. वाळीत टाकतील मला. घरचीसुद्धा बोलायची नाहीत. एकटा पडेन मी, आई. कोण असेल माझ्याबरोबर?”

राहीआईनं नारळ आणि शाल त्याच्या पिशवीत परत ठेवली. मग खुंटीपाशी गेली, चवड्यांवर उभं राहून झुबका काढला आणि त्यातली एक किल्ली सोडवायला लागली. गाठ घट्ट होती, वेळ लागला. विश्राम उभाच होता.

तिनं किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ आपल्या हातानं मिटली.

“धोंडाक्काच्या घराची आहे. तिची नि माझी भिंत एकच.”