पाटलांच्या गोठ्यातला हिऱ्या

बैल बोलत असत तेव्हाची गोष्ट. पाटलांच्या नामांकित गोठ्यातला हिऱ्या प्रत्येक शर्यत जिंकायचा. जत्रेत मात्र ज्याने त्याने जन्मगावासाठी धावायचा रिवाज होता. तिथे त्याच्या जोडीला बालपणीचा सवंगडी कबऱ्या असायचा, आणि दरवर्षी गाडी वाकडी होऊन बांधात शिरायची.

"पाटलांकडे असं कधीच होत नाही!" यंदा जू मानेवर घेताना हिऱ्या फुरफुरला.

"तिथे जोडीला कोण असतं रे?" कबऱ्याने विचारलं.

"असतो एक. माझ्या पावलाशी पाऊल जुळवतो. नाव... कधी विचारलंच नाही."

कबऱ्याने मायेने त्याची मान चाटली. "मग आज तू माझ्याशी जुळव."

गाडी तिसरी आली, पण सरळ आली. गावाने दोघांनाही गूळ चारला.

पाटलांकडे परतल्यावर हिऱ्याने पाणी प्यायच्या आधी त्या जोडीदाराला नाव विचारलं.