तीन हिरवे ठिपके

"हिरवा की नारिंगी, उस्ताद?"

कालच्या फोनपासून ऋतुराजनं हा प्रश्न पाचव्यांदा विचारला होता. दस्तगीर शिकलगार मान खाली घालून एका गंजक्या कुलपाला कानस मारत होते.

पोलिसांच्या शस्त्रागारात तीस वर्षं बंदुका दुरुस्त केलेला आणि शेकडो पोरांना नेम धरायला शिकवलेला माणूस. निवृत्त झाला आणि गावात घराच्या ओट्यावर कुलपं दुरुस्त करत बसला. ऋतुराजला ते अजून पटत नव्हतं. पण अडलं की याच ओट्यावर यायचं, हेही त्याला ठाऊक होतं.

"कशाचा हिरवा?"

"माशीवरचा ठिपका हो! कालपासून काय सांगतोय मी?"

माशी म्हणजे पिस्तुलाच्या नळीच्या टोकावरचा तो बारीक उंचवटा. मागच्या खाचेत माशी बसवायची, समोरच्यावर धरायची आणि घोडा ओढायचा. दिवसा काही अडचण नाही. रात्री काळ्या पिस्तुलावरची काळी माशी दिसायची कशी? म्हणून हल्ली अंधारात चमकणारे ठिपके लावलेल्या माश्या आणि खाचा मिळतात. पुढे एक ठिपका, मागे दोन. तिन्ही एका ओळीत आले की नेम बसला.

फौजदार ऋतुराज भोईटेनं मोबाइलवर अशा चाळीस तरी जोड्या पाहिल्या होत्या. तीन नमुने डबीत घालून आणले होते. वरिष्ठांकडे द्यायचा परवानगीचा अर्जही लिहून तयार होता. फक्त कोणती जोडी, ते भरायचं राहिलं होतं.

"ही बारा वर्षं आपोआप चमकते. हिला आधी उजेड दाखवावा लागतो. आणि हिचा पुढचा ठिपका नारिंगी, मागचे हिरवे."

"लई भारी," उस्ताद म्हणाले. कानस चालूच.

"चेष्टा करू नका. मंगळवारी माझी गोळी वाया गेली."

"ऐकलं."

"दहा पावलांवर होता, उस्ताद! उसातून सरळ माझ्या अंगावर आला. थांब म्हणून ओरडलो, थांबला नाही. पिस्तूल उचललं, तर माशीच दिसेना. झाडली, चुकली, आणि तो परत उसात गडप! विहिरींवरच्या मोटारी चोरणारी अख्खी टोळी निसटली. ठाण्यात तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण पाठ फिरली की हसतात."

"तुझ्यासंगं कोण व्हतं?"

"गुलाब मुळीक. तो काय, फाटकाशी बसलाय. त्याच्याच गाडीवरून आलो." ऋतुराजनं तोंड वाकडं केलं. "हवालदार म्हणायचं नुसतं! ऐन वेळी कुठे होता देव जाणे. वर टोपी हरवून आला. दुसऱ्या दिवशी हजेरीला बोडक्या डोक्यानं हजर! सगळ्यांसमोर झापला त्याला."

कानस थांबली...

"काय म्हनला मग?"

"काय म्हणणार? चुकलं साहेब, म्हणाला."

उस्तादांनी कुलूप बाजूला ठेवलं. हात पुसले. हा पोरगा त्यांच्या फार जिवातला. शिकवणीच्या तुकडीतली बाकीची पोरं नेम चुकला की बंदुकीला नावं ठेवायची. हा एकटा शेडमागे जाऊन रडला होता, आणि उस्तादांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्याला खाऊ घातली होती.

"शनिवारी पुन्हा तिथेच जायचंय," ऋतुराज म्हणाला. "त्याच उसात. अर्ज मंजूर होईतो माझा एक मित्र आपली जोडी द्यायला तयार आहे. या वेळी चुकायचं नाही मला."

"गुलाब हाय संगं?"

"आहे की. का?"

उस्ताद उठले. "चल. तुझं ठिपकं बघू."

घरामागे पत्र्याची खोली होती. खिडकी नाही, दिवा नाही. भर दुपारचं ऊन अंगणात तापलेलं, पण उस्तादांनी दार लोटलं आणि आत काळामिट्ट अंधार झाला. दाराच्या फटीतून येईल तेवढाच उजेड.

ऋतुराजच्या हातात काहीतरी आलं. त्यानं ते चटकन ओळखलं. शिकवणीतलं लाकडी पिस्तूल! उस्तादांनी स्वतः बाभळीचं तासलेलं. आता त्याच्यावर रेडियमचे तीन ठिपके चिकटवलेले होते.

"समोर भिंतीपाशी बघ. दिसतंय कोन?"

डोळे सरावायला थोडा वेळ लागला. मग माणसाएवढं काहीतरी काळं दिसलं.

"दिसलं."

"धर."

हात आपोआप उचलला गेला. तीन हिरवे ठिपके अंधारात नुसते तरंगत होते. एक, दोन... तिन्ही एका ओळीत. ऋतुराजला हसू फुटलं. मंगळवारी हे असतं तर!

"धरला. केसाचा फरक नाही."

"कुठं धरलास?"

"कपाळावर."

"ठिपकं साफ दिसत्यात?"

"एकदम साफ."

"आन् कपाळ कुनाचं?"

ऋतुराजनं डोळे ताणून पाहिलं.

"सांग की."

"ते... ते कसं दिसणार, उस्ताद?"

उस्तादांनी दार उघडलं.

भिंतीवर खुंटी होती. खुंटीला एक जुना सदरा अडकवलेला, आणि सदऱ्याच्या वर एक टोपी. पोलिसाची.

ऋतुराज पुढे झाला. टोपी काढून त्यानं उलटी केली. आतल्या पट्टीवर शाईनं लिहिलं होतं. गुलाब मुळीक. खाली बक्कल नंबर.

पुढच्या बाजूला, बिल्ल्याच्या वर, एक भोक होतं. तसंच एक मागे. दोन्हींच्या कडा फाटलेल्या.

त्यानं लाकडी पिस्तूल खाली ठेवलं.

"ही हरवली होती..."

"हरवली न्हवती. वळसा घालून पलीकडनं ऊस झोडपत आला गुलाब. चोर तुझ्याकडं हाकलायला. पानांच्या आवाजात तुझी हाक ऐकू आली न्हाई त्याला."

ऋतुराज जमिनीवरच बसला. दहा पावलं... आपण त्या गोळीला इतके दिवस वाया गेली म्हणत होतो.

"मला का नाही बोलला?"

"मी बी हेच इचारलं. म्हनला, साहेब अजून कोवळं हायती. हातात भ्या बसलं, तर जिथं झाडायची तिथं बी झाडनार न्हाईत." उस्ताद त्याच्याशेजारी टेकले. "टोपी घरी न्यावी तर बायकू भोक बघनार. टाकून द्यावी तर जीव हुईना. मग म्हनला, दस्तगीरभाई, तुझ्याकडं ठेव."

ऋतुराजला रडू आवरलं नाही. शेडमागे रडला होता तसाच, तोंड दाबून, खांदे हलवत रडला. उस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. गप्प हो म्हणाले नाहीत.

बऱ्याच वेळानं त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"उस्ताद, मग आता शनिवारी मी काय बसवू?"

म्हाताऱ्यानं त्याच्या हातातली टोपी घेतली. त्याला हाताला धरून दारात आणलं. टोपी त्याच्या डोळ्यांसमोर धरली आणि दोन्ही भोकं एका ओळीत आणली.

"बघ."

ऋतुराजनं एक डोळा मिटला.

भोकातून फाटक दिसलं. फाटकाशी लिंबाची सावली, सावलीत गाडी, गाडीला टेकून गुलाब मुळीक. बशीत चहा ओतून फुंकर मारत होता. डोक्यावर नवी टोपी. जराशी मोठी, कानांवर उतरलेली. मध्येच त्यानं घराकडे पाहिलं, साहेबांना उशीर का होतोय म्हणून.

"दिसलं?"

"...दिसलं."

"साफ?"

ऋतुराजची मान नुसती हलली.

उस्तादांनी नमुन्यांची डबी मिटून त्याच्या खिशात घातली. टोपी मात्र त्याच्या हातात दिली.

"हेच बसव."