जगमाचं एकटं झाड

ही गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नाव आता कुणाला आठवत नाही. हौसा कासारणीचं नाव मात्र लोक अजून घेतात, आणि तिच्या परसातल्या झाडाचंही.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव खाऊनपिऊन सुखी. घरोघरी परस आणि प्रत्येक परसात तेच ते: एक आंबा, एक फणस, आडाच्या कडेला केळी, कुंपणाला शेवगा. आंब्याच्या दिवसांत कुणाकडे चार आंबे घेऊन जावं, तर समोरची बाई हसून म्हणे, "अगं, आमचेच सडायला लागलेत!"

हौसाचा नवरा धोंडजी भट्टीवर बांगड्या घडवी आणि हौसा टोपली डोक्यावर घेऊन गावोगावच्या बायकांना त्या भरायला जाई. तिचा हात मोठा हलका. भरताना बांगडी पिचली असं कधी झालं नाही. बाई मनानंही चांगली होती, पण दहा गावं हिंडणारी, दहा नवलं पाहणारी. आपल्याकडेही असं काहीतरी असावं जे दुसऱ्या कुणाकडे नाही, ही एक ओढ तिच्या मनातून जात नसे.

तिच्या परसात आडाजवळ एका झाडापुरती जागा मोकळी होती. धोंडजी म्हणे, "लिंबू लाव." कुंपणापलीकडची मथुरा म्हणे, "पेरू लाव गं, पाखरं येतील." हौसा दोघांना एकच उत्तर देई, "लावीन, पण असंतसं नाही लावायची."

ही मथुरा म्हणजे हौसाची जिवाभावाची शेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या होत्या. हौसा परगावी गेली की तिच्या म्हशीची धार मथुरा काढी, आणि मथुरेच्या घरी कार्य निघालं की पहिली चूल हौसा पेटवी.

एकदा बांगड्या भरत भरत हौसा घाट ओलांडून दोन दिवसांच्या वाटेवरच्या गावी पोचली. तिथं एका म्हाताऱ्या माळणीनं तिच्याकडून हिरवा चुडा भरून घेतला आणि जाताना तिच्या हातावर एक फळ ठेवलं. सुपारीएवढं, गोल, जांभळट लाल. हौसानं ते कधी पाहिलं नव्हतं. तिनं दात लावला आणि तोंड वाकडं केलं. नुसतं तुरट!

म्हातारी खुदकन हसली. "असं नाही खायचं, पोरी. हे जगम. दोन्ही तळहातांत धरून आधी हळूहळू चोळायचं. मऊ पडलं की मग तोंडात टाकायचं."

हौसानं दुसरं फळ चोळलं. बांगड्या भरणारे हात ते, किती जोर लावायचा ते त्यांना सांगावं लागलं नाही. फळ मऊ झालं, तिनं तोंडात टाकलं, आणि ती गोडी जिभेवर उतरली तेव्हा आडाजवळच्या त्या मोकळ्या जागेत काय लावायचं ते तिचं ठरून गेलं.

म्हातारीनं तिला पळसाच्या पानात मूठभर बिया बांधून दिल्या. "सगळ्या रुजव हो," ती म्हणाली. पण हौसा तोवर अंगणाबाहेर पडलीसुद्धा होती.

बिया हट्टी निघाल्या. दोन महिने काही हललं नाही. मग एक कोंब आला, मग दुसरा, असे करत पाच रोपं उभी राहिली.

मथुरेनं ती कुंपणावरून पाहिली. "काय गोजिरी आहेत गं! एक मला देशील? माझ्या न्हाणीजवळ सदा ओल असते, छान वाढेल."

"देईन की," हौसा म्हणाली. "जरा मोठी होऊ देत."

पण त्या दिवसापासून तिच्या मनात किडा वळवळू लागला. मथुरेला दिलं की पलीकडची मागेल. तिला दिलं की तिची जाऊ मागेल. चार वर्षांत घरोघरी जगम होईल, आणि मग आपलं नवल ते काय राहिलं?

एका दुपारी धोंडजी भट्टीवर होता आणि मथुरा माहेरी गेली होती. हौसानं पाचातलं सगळ्यात जोमदार रोप निवडून आडाजवळ लावलं. बाकीची चार मुळासकट उपटली आणि उकिरड्यात पुरून टाकली. उपटताना तिचा हात अडखळला नाही असं नाही. पण थांबला नाही, हे खरं.

मथुरा परत आली तेव्हा हौसा म्हणाली, "बाकीची जळाली गं. मुळाला कीड लागली."

मथुरा हळहळली. "जाऊ दे. एक तर जगलं ना? त्याला जप." आणि संध्याकाळी ती आपल्या चुलीतली राख सुपात भरून घेऊन आली. "बुंध्याशी टाक. कीड लागायची नाही."

हौसानं राख घेतली. ती मथुरेच्या तोंडाकडे मात्र पाहू शकली नाही.

झाड वाढलं. बुंध्यावर बोटभर लांबीचे काटे आले, कोवळी पानं तांबूस चमकू लागली. येणारा जाणारा विचारी, "हे कसलं हो झाड?" आणि हौसा पदर सावरून सांगे, "जगम म्हणतात त्याला. या मुलखात एकच आहे." हे सांगताना तिला काय सुख होई म्हणता!

सातव्या वर्षी झाड फुललं. बारीक हिरवट पांढरी फुलं, मंद वास. हौसानं गावभर आमंत्रणं दिली, "यंदा जगम खायला या!" पंधरा दिवसांत सगळी फुलं झडून गेली. एक फळ धरलं नाही.

पहिलं वर्ष आहे, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली. दुसऱ्या वर्षी ताक ओतलं, शेणखत घातलं, देवीला नवस बोलली. फुलं आली, झडली. तिसऱ्या वर्षीही तेच. आता पाणवठ्यावर बायका तोंडाला पदर लावून हसत. "नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा!" हौसाच्या कानावर ते येई आणि ती हंडा अर्धाच भरून घरी परते.

एक दिवस काट्यात अडकून धोंडजीचा नवा अंगरखा फाटला. त्यानं कुऱ्हाड काढली. "पुरे झालं. दहा वर्षं पाणी घातलं, काट्यांशिवाय काही मिळालं नाही."

हौसा आडवी आली. "एकदा त्या माळीण आजीला विचारून येते. ती म्हणाली तोड, तर मी स्वतः फांद्या ओढीन."

म्हातारी हयात होती. कमरेत वाकली होती, पण नजर तीच. हौसानं सगळं सांगितलं. म्हातारीनं तिला जवळ बसवलं.

"फुलात मधोमध हिरवी घुंडी आहे, का नुसतेच पिवळे केसर?"

"हिरवी घुंडी आहे, आजी. मी रोज बघायची ना, ती फुगते का म्हणून."

"मग झाडाचं काही चुकलेलं नाही. ते मादी आहे. जगमात नर झाड वेगळं, मादी वेगळी. नराच्या केसरांवरची पिवळी धूळ माश्यांनी आणली, तरच घुंडीचं फळ होतं. जवळपास दुसरं झाड नाही?"

"नाही. मुलखातच नाही."

"अगं, पण मी मूठभर बिया दिल्या होत्या. रुजल्या किती?"

"पाच."

"मग बाकीची चार कुठं आहेत?"

दहा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मथुरेनं तर ऐकलं ते खरं मानलं होतं. हौसाला वाटलं, इथंही कीड लागली म्हणावं. पण जीभ वळेना. खाली मान घालून तिनं खरं ते सांगितलं.

म्हातारी रागावली नाही. तिनं हौसाचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "त्या चारांत तुझ्या झाडाचा जोडीदार असणार, पोरी. तो तू आपल्याच हातानं पुरलास."

निघताना तिनं पुन्हा बिया दिल्या. "कुठली नर, कुठली मादी, हे फूल येईतो देवालाच ठाऊक. म्हणून हे झाड एकटीनं लावायचं नसतं. आळीत घरोघरी लाव."

परतीच्या वाटेवर दोन दिवस हौसा स्वतःशी भांडत होती. नव्या बिया आणल्या म्हणून सांगावं, वाटाव्या, झालं. चार रोपांचं पुरलेलं मढं कशाला उकरायचं? कुणाला कळणार आहे? घाट उतरेपर्यंत हेच ठरत होतं. पण गाव दिसलं, मथुरेच्या घरातून निघणारा चुलीचा धूर दिसला, आणि तिचे पाय आपल्या दारी न वळता तिकडे वळले.

मथुरा ओसरीवर तांदूळ निवडत होती. "आलीस? काय म्हणाल्या गं आजी?"

"मथुरे, ती रोपं जळाली नव्हती. मी उपटली."

मथुरेचा सुपातला हात थांबला. "का गं?"

"माझ्या एकटीकडे असावं म्हणून."

मथुरा उठली. सूप उचलून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

आठ दिवस दोन घरांत बोलणं नव्हतं. हौसानं बिया रुजत घातल्या आणि ती वाट पाहत राहिली, कोंबांची आणि त्याहून जास्त मथुरेची. नवव्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून कुदळीचा आवाज आला. हौसा धावत गेली. मथुरा न्हाणीजवळ खड्डा खणत होती.

"रोपांचं मला इतकं नाही वाटलं," वर न पाहता ती म्हणाली. "कीड नव्हती, तर मी आणलेली राख कशाला घेतलीस? आठ दिवस मला ती राखच आठवत होती."

हौसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मथुरेनं कुदळ टेकवली, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "पुरे आता. या खड्ड्यातली माती बाहेर ओढ. रोप आलं की पहिलं माझं."

या खेपेला नऊ रोपं झाली. पहिलं मथुरेच्या न्हाणीजवळ गेलं, बाकीची आळीतल्या आठ घरी. हौसानं स्वतःच्या हातानं ती लावून दिली आणि उपटलेल्या चार रोपांची गोष्टही घरोघरी सांगितली. आपलं जुनं झाड नुसतंच फुलत होतं, तरी आता तिला त्याची लाज वाटेनाशी झाली.

सात वर्षं गेली आणि मथुरेचं झाड फुललं. काय फुललं! फांदी दिसेना, माश्यांच्या गुणगुणण्यानं अंगण भरून गेलं. पण हौसानं एक फूल तोडून निरखलं आणि तिचा जीव चरकला. मधोमध घुंडी नव्हती. नुसतेच पिवळे केसर. झाड नर होतं. त्याला कधीच फळ येणार नव्हतं.

आणि त्याच वर्षी हौसाचं झाड फळांनी वाकलं.

लोकांचं तोंड कोण धरणार? पाणवठ्यावर एकजण मथुरेला म्हणाली, "दैव बघ एकेकीचं! उपटणारीला फळं, आणि तुझ्या नशिबी काटे. तोड बाई ते, पेरू लाव."

मथुरेचा चेहरा उतरला. मागं उभ्या असलेल्या हौसानं ते पाहिलं. तिनं भरलेला हंडा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"दहा वर्षं माझं झाड फुलत होतं, तेव्हा हसायला तुम्ही सगळ्या होतात. त्याला फळ कधी धरलं? मथुरेचं झाड फुललं तेव्हा. फांदी माझी असेल, पण फळ दोघींचं आहे. त्या झाडाला जी कुऱ्हाड लावील, तिनं आधी माझ्या झाडाला लावावी."

बायकांनी आपापले हंडे उचलले आणि त्या घरच्या वाटेला लागल्या.

त्या दुपारी हौसानं पहिली टोपली उतरवली. तिनं फळं मोजली नाहीत, निवडली नाहीत. टोपली मथुरेच्या ओसरीवर नेऊन ठेवली. मथुरा म्हणाली, "अगं, इतकी कशाला देतेस?"

"देत नाही गं, तुझा वाटा पोचवते आहे."

दोघी ओसरीवर बसून तळहातांत फळं चोळत राहिल्या. मथुरेनं पहिलं तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "हौसे, इतकी वर्षं बघ कशाची वाट पाहत होतो!"

पुढं आळीतली बाकीची झाडंही फुलली. काही नर निघाली, काही मादी. तेव्हापासून गावात रीत पडली: ज्याच्या झाडाला फळ, त्यानं पहिली टोपली फळ नसलेल्या झाडाच्या घरी पोचवायची. मथुरेचं झाड कुणी तोडलं नाही. हौसा म्हातारी झाली, टोपली डोक्यावर घेणं सुटलं, पण कुणी तिच्या झाडाचं कौतुक केलं की ती काठीनं कुंपणापलीकडं दाखवी आणि म्हणे, "आधी ते बघून या."

हौसाची गोष्ट सांगणारे शेवटी एवढंच सांगतात: जे एकट्यापुरतं राखावं ते नुसतंच फुलतं, फळ धरतं ते वाटल्यावरच.