तानूबाईचे खडे

वडजाई आणि कुसवडे या दोन गावांच्या मधे एक डोंगर होता. डोंगरावर बारमाही झरा होता. एका वर्षी विहिरी आटल्या आणि झरा कोणाचा, यावरून दोन्ही गावांनी कुऱ्हाडी बाहेर काढल्या.

रक्त सांडायचं, तेवढ्यात निळोबा गोसावी मधे पडले. त्यांचा शब्द दोन्ही गावं मानत. ते म्हणाले, "डोंगर ज्याला कळला, त्याचा झरा. पायथ्यापासून माथ्यावरच्या देवळापर्यंत, एकदाही खाली न उतरता, किती निरनिराळ्या मार्गांनी जाता येतं? दिवस मावळायच्या आत खरा आकडा सांगा. गावाचं एकच माणूस जाईल. सोबत तुंबाभर पाणी, बस."

डोंगराला टप्पे होते. प्रत्येक टप्प्यावर वाटा फुटत, वरच्या टप्प्यावर पुन्हा एकमेकींना मिळत.

वडजाईने रंगोबाला पाठवलं. तो हरणासारखा चढायचा. कुसवड्याचा चपळ गडी नेमका तापाने फणफणला होता. हरलो तर गाव शिव्या देईल, म्हणून दुसरं कोणी पुढे होईना. शेवटी तानूबाई उठली. तिचे गुडघे दुखत. लोकांनी कपाळाला हात लावला.

रंगोबा एका मार्गाने माथ्यावर गेला, धावत खाली आला, दुसऱ्या मार्गाने वर गेला. आकडा तो मनात धरत होता.

तानूबाई पहिल्या टप्प्यावर थांबली. पायथ्याहून थेट आलेल्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी तिने एकेक खडा ठेवला. दुसऱ्या टप्प्यावरच्या एका फाट्याला खालच्या दोन फाट्यांवरून वाटा येत होत्या. तिथे तिने दोन खडे ठेवले. पुढेही तेच. खालच्या ज्या फाट्यांवरून वाट येते, तिथले खडे मिळवायचे आणि तेवढे इथे मांडायचे. एका ठिकाणी दरड कोसळून वाट तुटली होती. तानूबाई कड्याशी जाऊन खात्री करून आली आणि ती वाट तिने धरलीच नाही.

ऊन कलू लागलं. देवळाच्या खालच्या टप्प्यावर तिला रंगोबा पडलेला दिसला. ओठ फुटलेले, तुंबा रिकामा. तिच्या तुंब्यात दोनच घोट उरले होते. घसा तिचाही कोरडा होता. क्षणभर तिने माथ्याकडे पाहिलं. मग खाली बसून तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही घोट त्याला पाजले.

रंगोबाने डोळे उघडले. "आकडा विसरलो गं. आता पुन्हा खालपासून चढावं लागेल," तो पुटपुटला. "तुझाही खोळंबा झाला."

"माझं मोजणं जागच्या जागी आहे, भाऊ," ती म्हणाली. "उठ, खांद्याला धर."

दोघं देवळाशी पोहोचली तेव्हा सूर्य टेकला होता. देवळाला मिळणाऱ्या वाटांचे खडे मिळवून तानूबाईने आकडा सांगितला, "त्र्याऐंशी."

"खरं कशावरून?" देवळात वाट पाहत बसलेल्या निळोबांनी विचारलं.

"उतरताना प्रत्येक फाट्यावरचे खडे तपासा. एका ठिकाणी जरी बेरीज चुकली, तरी झरा वडजाईचा."

निळोबा सकाळी एकेक फाटा तपासत उतरले. पायथ्याशी दोन्ही गावं श्वास रोखून उभी होती. एकही बेरीज चुकली नव्हती.

झरा कुसवड्याचा झाला. तानूबाईने गावाकडून एकच मागितलं, की वडजाईच्या बायकांना घागर भरू द्यावी. सर्वात आधी मान डोलावली ती काल कपाळाला हात लावणाऱ्यांनी.

तात्पर्य: एकदा केलेलं काम नीट जपून पुढच्या कामाला जोडावं. मग थोडं बळही पुरतं आणि दुसऱ्यासाठी थांबायलाही सवड राहते.