लिमदादाची भाऊबीज

फार फार वर्षांमागे, घाटमाथ्यावर इंग्रजांचा तुरुंग होता, तेव्हाची ही गोष्ट. साहेबाची रीतच उफराटी. इथला कैदी समुद्रापार धाडायचा आणि समुद्रापारचा इथे आणायचा. मुलूख सुटला की माणूस आपोआप मोडतो, हा त्याचा हिशेब.

असाच मलायाच्या बंदरातून एक चिनी कैदी आला. नाव लिम. गुन्हा काय, ते कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं, भुकेपोटी तांदूळ चोरला. चांगल्या वागणुकीमुळे त्याला दिवसा बाहेर सोडत. खांद्यावर कावड घेऊन तो वेळंबवाडीत वेताच्या टोपल्या विकायचा. त्याच्या टोपलीत पाणी भरलं तरी गळत नसे, असं म्हणतात. मागे घरी एक धाकटी बहीण होती. तिच्याविषयी बोलायला लागला की त्याचं मोडकंतोडकं मराठीही सरायचं.

शेवटी शिक्षा संपत आली. घरी नेणारं गलबत ठरलं. अट एकच, तोवर संध्याकाळची हजेरी चुकता कामा नये.

आणि नेमका तेव्हाच वेळंबवाडीतल्या ठकूच्या पोराला, राघूला घटसर्प झाला. ठकूचा नवरा परमुलखात, माहेरी कुणी उरलेलं नाही. रोग लागेल म्हणून शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. वैद्य घाटाखाली. पोराचा श्वास कोंडत होता. तेवढ्यात लिम दारात आला. त्यानं कावडीच्या एका टोपलीत राघूला निजवलं, तोल साधायला दुसरीत धोंडा ठेवला.

ठकू रडत म्हणाली, "दादा, तुमची हजेरी चुकंल. गलबत जाईल निघून!"

"हजेरी उद्या बी हाय," तो म्हणाला. "पोरगं उद्या नाय."

तो घाट उतरू लागला तशी कारवीची झुडपं वाट सोडून बाजूला झाली, असं म्हणतात. वैद्यानं औषध दिलं, राघूला श्वास आला. लिम परत धावला. त्याच्यासाठी सूर्यसुद्धा डोंगरावर टेकून थांबला म्हणे. पण हजेरीची तोफ साहेबाच्या घड्याळावर उडायची. ती उडाली.

गलबत त्याच्यावाचून गेलं. शिक्षा वाढली.

त्या भाऊबीजेला ठकू तबक घेऊन तुरुंगाच्या फाटकाशी उभी राहिली. पहारेकरी हसला, "हा चिनी तुझा कोण गं?"

"भाऊ," ठकू म्हणाली. "त्याच्या बहिणीचा भाऊ म्या अडवून ठेवला. मग ओवाळायचं कुणी?"

ओवाळणीत काय घालावं ते त्याला कळेना. तो नुसता रडत राहिला. ठकूही रडली.

पुढे सुटला तेव्हा तो म्हातारा झाला होता. त्याला नेणारं गलबत कुणी ठरवलं नाही. तो वेळंबवाडीतच राहिला आणि राघूच्या मांडीवर डोकं ठेवून गेला.

जिला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, ही सगळीकडची रीत. वेळंबवाडीत तसं नाही. तिथे अशा बायका तबक घेऊन लिमदादाच्या समाधीवर जातात. बिजेची बारीकशी कोर थोडा वेळ वाट बघते आणि बिचारी डोंगराआड निघून जाते.