हातातून पडलेला प्लग

"मग आता राहिलं काय, मेस्त? चारही प्लग नवे, कॉइल नव्या. तरी गाडी मिसिंग मारते, झटके देते ती देतेच!"

गुणाजीचा आवाज चढला होता. बस्त्याव मेस्त बशीतला चहा फुंकत राहिले.

सावंतवाडीत याच मेस्तांच्या हाताखाली तो गाड्या दुरुस्त करायला शिकला. स्वतःचं गॅरेज थाटताना मात्र "कानाने गाडी ओळखायचे दिवस गेले, मेस्त," असं तोंडावर ऐकवून गेला होता. आणि आज स्वारी त्यांच्याच दारात! अडला हरी, दुसरं काय.

गाडी मांजरेकरांची. त्यांची लेक बेळगावला बाळंत झालेली, आज तिला नि बाळाला घरी आणायचं होतं. मांजरेकरवहिनी मांडीवर कुंची-दुपट्यांचं गाठोडं घेऊन मागच्या सीटवर बसूनच होत्या.

"भाड्याची गाडी करा," म्हणून गुणाजीने हात जोडले होते. पण मांजरेकर म्हणजे एक नंबरचे हट्टी. पहिली नात आपल्याच गाडीतून घरी येणार, झटके खात का होईना!

मध्ये आंबोलीचा घाट. वळणावर गाडी बंद पडली तर, आणि आत ते एवढंसं बाळ... म्हणूनच गुणाजी अभिमान गिळून इथे आला होता.

"इंजिनचं हेड खोलावं लागेल," तो हळूच म्हणाला. "व्हॉल्व्ह गेला असणार."

"असणार?"

मेस्तांनी बशी खाली ठेवली.

"गाडी तपासायचं तुझं ते मशीन काय सांगतं?"

"तीन नंबरचा सिलिंडर. पहिल्यापासून तेच सांगतंय."

"चालू कर गाडी."

इंजिन थरथरत सुरू झालं. मेस्तांनी पहिल्या कॉइलचं कनेक्शन काढलं. इंजिन आणखी अडखळलं. परत लावलं. दुसऱ्याचं काढलं, तेव्हाही तसंच.

तिसऱ्याचं काढलं...

काही नाही. इंजिनला पत्तासुद्धा नाही.

"मशीन खरं बोलतं रे, तीन नंबर आधीच मेलेला," मेस्त म्हणाले. "बंद कर. जुने प्लग कुठे आहेत?"

"डिकीत. गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवतो ना आपण..."

"तीन नंबरला जुना लाव."

"नवा काढून जुना?" गुणाजीला हसावं की रडावं कळेना. "मेस्त, तो नवाकोरा आहे हो!"

मेस्तांनी पाना शोधून हातात घेतला.

"लावताना काय झालं होतं?"

"काही नाही."

मेस्त बघतच राहिले...

"पडला होता," गुणाजी शेवटी म्हणाला. "हातातून निसटून फरशीवर. पण नवाच होता ना, मेस्त!"

मेस्त हसले नाहीत. त्यांनी पाना तेवढा पुढे केला.

प्लग बाहेर आला. गुणाजीने तो उजेडात फिरवला. पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी चीर होती.

दुखणं मुळात कॉइलचं. नवी कॉइल बसली तशी ते गेलंही होतं. पण त्याच घडीला या शहाण्याने दुसरं दुखणं स्वतःच्या हाताने आत बसवलं. गाडी आगीतून फुफाट्यात!

जुना प्लग लागला. गुणाजीने देवाचं नाव घेऊन चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं... आणि सुरूच राहिलं. एकसारखं, शांत. ना झटका, ना थरथर. गुणाजीने गाडी चढावर नेऊन आणली, आणि उतरला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. सुटलो रे बाबा, असं तो मोठ्यानेच म्हणाला.

"देव तुमचं भलं करो!" वहिनींनी खिडकीतूनच मेस्तांना हात जोडले. मांजरेकरांनी तर जोरात हॉर्नच वाजवला. गाडी बेळगावच्या रस्त्याला लागली, दिसेनाशी झाली.

गुणाजीने एवढा मोठा श्वास सोडला की मेस्तांना हसू फुटलं.

"मेस्त, कान पकडतो," तो म्हणाला. "पडलेला प्लग उभ्या जन्मात कुठल्या गाडीला लावणार नाही."

मेस्तांनी गार झालेला चहा संपवला.

"लाव रे मेल्या, पडलेला लाव, पण तपासून. पडलाच नाही असं समजून लावू नको."