डालग्याखालची पोर

फार पूर्वीची गोष्ट. डोंगरांना तेव्हा मालक नव्हते. अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी टोपल्या विणणाऱ्यांचं गाव होतं. बाया सकाळी बांबू तोडायला वर जात आणि लहान पोरं एका म्हातारीच्या अंगणात ठेवून जात.

त्या पोरांत एक चिमुरडी होती. तिला दात आले होते, बोल मात्र फुटले नव्हते. ही पोर चावायची, आणि अशी चावायची की दंडावर दातांची रांग उमटायची.

चावऱ्या पोराला डालग्याखाली झाकायचं, ही गावाची रीत. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची मोठी टोपली. बाकीची पोरं आत गेली की अंगण डोक्यावर घेत. ही मात्र एकदम गप्प व्हायची. गावाला वाटायचं, पोर वरमली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग शहाण्या माणसांनी काय करावं? डालग्यावर दगड ठेवला.

शेवटी पाटलांनी सांगितलं, आता ही कुणाला चावली तर अंगणात ठेवायची नाही. पोरीच्या आईच्या पायाखालची जमीन सरकली. घरात दुसरं माणूस नव्हतं. पोरीला दूरच्या नात्यात धाडायचं, की बांबू सोडून उपाशी राहायचं?

दुसऱ्या दिवशी म्हातारी नजर ठेवून बसली. पोर दिवसभर छान खेळली. ऊन कललं, पहिली आई मोळी घेऊन उतरली आणि तिनं आपल्या लेकराला घ्यायला हात पुढे केले. तेवढ्यात चिमुरडी त्या लेकरावर झेपावली. म्हातारीनं मध्ये हात घातला, तसे दात तिच्याच मनगटात रुतले.

पोर मग आपणहून डालग्याखाली शिरली.

म्हातारीनं फटीतून पाहिलं. पोरीनं डालग्यातल्या एका पिवळ्या कामटीला, बांबूच्या पट्टीला, गाल टेकवला होता. हळदीत रंगवलेली अशी कामटी गावात एकच बाई विणायची, या पोरीची आई. ती सगळ्यात उंच कड्यावर जायची, म्हणून सगळ्यात शेवटी परतायची.

तिनं पोरीला बाहेर काढून मांडीवर घेतलं आणि मनगट दाखवलं. "चावायचं नाही, बाळा. दुखतं. आई हवी ना? मग 'आई' म्हणायचं."

मनगट तिनं पदराखाली झाकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून ऊन कलायच्या आधीच ती पोरीला मांडीवर घ्यायची, डालगं शेजारी ठेवायची, आणि दोघी वाटेकडे बघत बसायच्या. पोरीचं तोंड अजूनही उघडायचं. म्हातारी आपला हात मध्ये घालायची आणि तेच शब्द पुन्हा सांगायची.

एका संध्याकाळी पहिली आई आली. पोरीचं तोंड उघडलं. म्हातारीनं सवयीनं हात पुढे केला, पण त्यावर दात टेकलेच नाहीत.

"आई," पोर वाटेकडे बघून म्हणाली. मग मोठ्यानं, पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

वर उतारावर शेवटची बाई थबकली. तिनं मोळी तिथेच टाकली आणि धावत सुटली. डालगं पुढे कोंबड्यांच्याच कामी आलं.

तात्पर्य: बोलता न येणारं मूल चावतं, तेव्हा ते कशासाठी तळमळतंय हे आधी ओळखावं, आणि मग ते मागण्यासाठी त्याला शब्द द्यावा.